कापण्यापूर्वी जाणणे

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात पूर्वी पुष्कळदा केवळ शंकेवरून काखेतील वा जांघेतील साऱ्या लसिकाग्रंथी काढून टाकीत. कित्येकांचा हात वा पाय त्यामुळे जन्मभर सुजलेला राही. १९९२ साली अमेरिकेतील डॉ. डोनाल्ड मॉर्टन यांनी निराळी वाट दाखविली. डागाजवळ निळा रंग टोचायचा. तो प्रथम जिथे पोहोचेल, ती 'पहारेकरी' ग्रंथीच तेवढी काढून तपासायची. ती निर्दोष निघाली, तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. पुढे २०१७ साली असेही दिसून आले, की तिच्यात रोग सापडला तरी उरलेल्या साऱ्या ग्रंथी लगेच काढल्याने आयुष्य वाढत नाही.

हे वाचताना आम्हा बीडकरांना आपल्या ऊसतोड भगिनी आठवतात. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे समितीच्या चौकशीत जिल्ह्यातील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे उघड झाले. कर्करोगाची भीती घातली गेली, असे कित्येकींनी सांगितले.

त्यांनी संमती दिली होती, असे कोणी म्हणेल. परंतु एका दिवसाच्या खाड्यालाही जिथे दंड पडतो, तिथे पुन्हा पुन्हा तपासणीला जाणे कोणाला परवडणार? भीती आणि दारिद्र्य यांनी मिळून दिलेली संमती आम्ही स्वतंत्र मानीत नाही. शंका म्हणजे ज्ञान नव्हे. देह कापण्यापूर्वी जाणून घेणे हे वैद्याचे कर्तव्य. आणि तेवढी उसंत गरिबाला मिळवून देणे, हे आपणा सर्वांचे.