तापातला धडा

सन 1752. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर वसाहतीत, किंग्स्टन गावी, बावीस वर्षांचे डॉक्टर जोसाया बार्टलेट तापाने फणफणले होते. तापकऱ्याला बंद, उबदार खोलीत ठेवायचं आणि गार पेय ओठांना लागू द्यायचं नाही, हा तेव्हाचा शिरस्ता. तेही हेच शिकले होते. उपचार करणाऱ्यांनी आशा सोडली, तेव्हा बार्टलेट यांनी सफरचंदाचं गार साइडर मागितलं आणि रात्रभर घोट घोट प्यायले, असं सांगतात. सकाळी दरदरून घाम सुटला, ताप उतरला.

साइडर हे रामबाण औषध आहे, असं काही त्यांनी मानलं नाही. शिरस्ता पाहण्याआधी रोग्याकडे पाहावं, एवढंच ते शिकले. दोन वर्षांनी घशाची जीवघेणी, बहुधा घटसर्पाची, साथ आली. रक्त काढणं, रेच देणं हे रूढ उपाय बाजूला ठेवून त्यांनी सिंकोनाची साल दिली. ती साल घटसर्प बरा करत नाही, हे आज आपण जाणतो. पण खचलेल्या जिवाला आणखी खचवणारे उपाय सोडण्याचं धाडस त्यांनी दाखवलं.

1765 मध्ये ते वसाहतीच्या विधिमंडळात गेले. गव्हर्नर जॉन वेंटवर्थ यांनी त्यांना दंडाधिकारी केलं, नागरी सेनेत हुद्दा दिला. बार्टलेट यांनी कामं स्वीकारली, मत मात्र गहाण टाकलं नाही. ब्रिटिश राजाचा अधिकार जुना म्हणून योग्य, हे त्यांना पटेना. 1774 मध्ये त्यांचं घर जळालं. ते विरोधकांनीच पेटवलं, असा अनेकांचा समज होता. त्यांनी ते पुन्हा बांधलं. पुढच्या वर्षी पदंही गेली. 1776 मध्ये त्यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. त्या सहीबद्दल फाशीही होऊ शकली असती.

पुढे ते न्यू हॅम्पशायरचे सरन्यायाधीश आणि गव्हर्नर झाले. तरी 1791 मध्ये राज्याची वैद्यकीय संस्था उभारून तिचं पहिलं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. एका डॉक्टरचा अनुभव दुसऱ्याच्या रोग्याला उपयोगी पडावा, यासाठी अशी संस्था हवीच होती.

बोध : चालत आलेली गोष्ट खरी की खोटी, हे तिच्या वयावर नव्हे, माणसांवर होणाऱ्या परिणामावर ठरवावं, आणि जे पटलं, त्याची किंमत स्वतः मोजावी.