शिडी सोडू नका

॥ राम कृष्ण हरि ॥

आजचे चिंतन : ज्ञानेश्वरी, अध्याय ६

मंडळी, गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी दोन प्रकारचे साधक सांगितले आहेत. आरुरुक्षु म्हणजे ज्याला वर चढायचे आहे तो. योगारूढ म्हणजे जो चढून पोहोचला तो. चढणाऱ्याचे साधन कर्म, पोहोचलेल्याचे शम, म्हणजे मनाचे शांत होणे.

आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये माउलींनी यावर निरूपण केले तेव्हा योगाचा अख्खा डोंगरच उभा केला. यमनियम हा पायथा, आसन ही पायवाट, प्राणायाम हा चढ. पुढे प्रत्याहाराचा कडा, इतका निसरडा की बुद्धीचाही पाय टिकत नाही. तिथे वैराग्याची नखे रुतवत हळूहळू वर सरकायचे. पण त्याआधीच माउलींची ताकीद आहे : माथा गाठायचा असेल तर कर्माच्या पायऱ्या चुकवू नकोस.

हे मी अनेकदा वाचले होते. कळले मात्र कळसूबाईवर.

गेल्या पावसाळ्यात ऑफिसमधले आम्ही चौघे सावेडीहून रात्रीच निघालो. संगमनेर, अकोले, राजूर करत सकाळी बारी गावात. शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच, माथ्यावर देवीचे छोटे मंदिर. जिथे खडक उभा होतो तिथे लोखंडी शिड्या आहेत. रविवार असल्याने शिडीला ही मोठी रांग. मला थांबवेना. म्हटलं, बाजूच्या खडकावरून जाऊ. दहाएक फूट चढलो आणि शेवाळावरून पाय सटकला. बोटं कपारीत अडकली म्हणून वाचलो. आता वर जाता येईना, खाली उतरता येईना.

दर्शन घेऊन एक आजी शिडीने उतरत होत्या. म्हणाल्या, “अरं लेकरा, शिडी सोडून तिकडं कशाला गेला? डाव्या पायाखाली कपार हाय बघ, तिथं टेक.” तसाच उतरलो आणि मुकाट्याने रांगेत शेवटी उभा राहिलो.

घरी येऊन हा भाग पुन्हा काढून वाचला. वाचताना डोळ्यांसमोर शिडी नव्हती, बाबा होते.

बाबांना अर्धांगवायू होऊन दोन वर्षे झाली. सकाळी त्यांना उठवणे, पुसून घेणे, कपडे बदलणे, औषधे, सगळे बायको करायची, तेही मुलाच्या शाळेचा डबा सांभाळून. मी त्याच वेळी देवघराचं दार लावून ध्यानाला बसायचो. ती एकदा म्हणाली होती, “तुमचा देव आठनंतर भेटत नाही का?” मला राग आला. वाटलं, हिला अध्यात्मातलं काय कळतं!

पण माउलींच्या डोंगरावर ध्यान माथ्याजवळ आहे. पायथ्याशी यम आहेत आणि त्यांतला पहिला अहिंसा. बायकोच्या थकव्यावर माझी शांतता उभी होती. ती कसली अहिंसा? रांग नको म्हणून मी घरातही शेवाळावरूनच चढत होतो.

आता सकाळचं बाबांचं सगळं मी करतो. पहिल्या दिवशी वासाने मळमळलं, लाजही वाटली. बाबांना नीट बोलता येत नाही. दाढी करताना त्यांनी चांगला हात माझ्या मनगटावर ठेवला आणि तसाच राहू दिला. अजूनही काही दिवशी कंटाळा येतो, चिडचिड होते. वैराग्याची नखे रुतवायची ती इथेच, असे आता वाटते. ध्यान सोडलेले नाही, आता रात्री बसतो. वेळ कमी मिळतो, पण दार उघडं असतं.

आज आपण प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारू : रांग आहे म्हणून मी कोणती शिडी सोडली आहे?

राम कृष्ण हरि.