ठोक्याचे वावर

मेहकरजवळ आमचे ८ एकर वावर आहे. गेली २० वर्षे ते एकच माणूस ठोक्याने वाहतो. दिवाळीआधी तो बुलढाण्याला येतो, वर्षाचा ठोका मोजून देतो, चहा घेतो आणि तुरीची हकीकत सांगून जातो. यंदा मी त्याला म्हटले, वावर विकायचे ठरले आहे. सौदा पुण्यास, माझ्या भावाच्या घरी झाला होता. तो जरा वेळ बशीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तुमचं वावर हाय, दादा. मले काय इचारता?"

मी विचारले नव्हतेच. नुसते सांगितले होते. हा भेद तो गेल्यावर माझ्या ध्यानात आला. शरम अशाची वाटली, की याच भेदावर मी चारचौघांत तावातावाने बोलत आलो आहे.

कारण आम्ही वऱ्हाडकर स्वतःच ठोक्याने दिलेल्या मुलुखातले! १८५३ साली फौजेच्या खर्चाच्या कर्जापोटी निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १९०२ साली, लॉर्ड कर्झनच्या कारकीर्दीत, वर्षाला २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला. मालक हैदराबादेत, वाहणारा कलकत्त्यात, आणि आम्ही वावरातली ढेकळे. १९३६ च्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि इंग्रजी निशाणाशेजारी निजामाचेही निशाण लावायचे ठरले. निशाणे दोन, सह्याही दोघांच्याच.

पुढची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. १९४७ साली इंग्रज गेला, तेव्हा संस्थानांशी केलेले त्याचे करारही संपले. कायद्याच्या बोलीने पाहिले तर पट्टा संपला की वावर मालकाकडे परत जावे. पण बुलढाण्यावर तिरंगा लागला. देऊळगाव राजाच्या पलीकडे, जालन्याला मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत वाट पाहावी लागली. आम्ही कागद बाजूला सारून म्हटले, मुलूख राहणाऱ्यांचा. योग्यच केले. परंतु हे तत्त्व एकदा उच्चारले की ते घरच्यांनाही लागू पडते. १९५३ चा नागपूर करार पुढाऱ्यांच्या सह्यांनी झाला. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळा विदर्भ सुचविला. १९५६ साली आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० साली महाराष्ट्रात आलो. मी महाराष्ट्रात सुखी आहे. माझ्या आजोबांपुढे कोणी मतपेटी ठेवली असती, तर त्यांनीही बहुधा होकारच दिला असता. पण तो 'बहुधा' दुसऱ्याने त्यांच्या वतीने खर्च करावा, हे मला अजून खुपते.

आणि मेहकरच्या माणसाचा 'बहुधा' मी किती सहज खर्च केला!

भाऊबीज झाली की त्याच्याकडे जायचे ठरविले आहे. भाऊ फोनवर म्हणाला, "इसार घेऊन झाला, आता विचारून काय करणार?" इसाराचे पैसे कपाटात आहेत, बँकेत भरायला अजून हात होत नाही.