चोवीस गुरू आणि चोवीस तास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुवारची आरती झाली, प्रसाद वाटून झाला की एखादी ताई मागे रेंगाळते. सगळे गेले की हळूच विचारते, "यांची दारू सुटावी म्हणून काही सेवा सांगा ना." गोवा असो, बेळगाव असो, इंदूर, बडोदा की हैदराबाद, हा प्रश्न सगळीकडे तोच. पारायण, नामस्मरण आपण सांगतोच, आणि ते करावंच. आज त्याच्या जोडीची आणखी एक सेवा सांगायची आहे.

पुष्कळ घरांत काय होतं? माणसाला धरून आणतात, पादुकांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. आठ-पंधरा दिवस बरे जातात. मग शपथ मोडते. मोडली की तो लाजेनं आरतीला यायचा बंद होतो. दारू सुटत नाही, गुरूंचं दार मात्र सुटतं! बंधूंनो, दारूचं व्यसन हा आजार आहे. मधुमेह शपथेनं जात नाही, तसा हाही जात नाही. याला उपचार लागतो आणि संगत लागते.

संगत कोणाची? भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतात. पृथ्वी, पाणी, अजगर, मधमाशी... त्यात मासाही आहे. जिभेच्या ओढीनं गळाला लागलेला मासा! जो स्वतः अडकला, त्याच्याकडूनही अवधूतांनी शिकवण घेतली. मग दारूत अडकून बाहेर आलेला माणूस आपल्याला काहीच शिकवणार नाही का?

१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी असंच घडलं. बिल नावाचा एक शेअर दलाल काही महिने दारू सोडून होता. कामासाठी तो त्या गावी गेला, काम फिसकटलं आणि हॉटेलच्या बारकडे मन ओढू लागलं. त्यानं बारऐवजी फोन गाठला आणि आपल्यासारखाच कुणी दारूत बुडालेला शोधला. तो निघाला बॉब नावाचा शल्यचिकित्सक. दोघं तासन्‌तास बोलले. बोलताना बिलला कळलं, की दुसऱ्याला सांगता सांगता आपणच सावरतो. त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस', म्हणजे ए.ए., उभी राहिली. आज तिच्या मीटिंगा आपल्या देशातही भरतात.

मीटिंगमध्ये असतं काय? तास-दीड तास मंडळी बसतात. कुणी व्याख्यान देत नाही, जो तो आपलीच हकिकत सांगतो. बोलायचं नसेल तर नुसतं ऐकावं. फी नाही, पूर्ण नाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढी एकच अट. बडोद्याच्या बांधवांनी दारूबंदीच्या धास्तीनं अडून राहू नये. तिथं बोललेलं तिथंच ठेवायचं, हा मीटिंगचा नेमच आहे. आणि गुरू सोडावे लागतील का, ही शंकाही मनात ठेवू नका. ए.ए. कुठल्या धर्माची नाही. ज्याला जसा समजेल तसा देव त्यानं मानावा.

तिथला मंत्र साधा: फक्त आजचा दिवस. जन्मभराची शपथ नको, पुढचे २४ तास प्यायचं नाही. उद्याचं उद्या. सुरुवातीला ९० दिवसांत ९० मीटिंगा करा, असं जुने लोक सांगतात. एका मीटिंगला मन रमलं नाही तर दुसरी पाहावी.

शोधायची कशी? ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर गावांनुसार मीटिंगा मिळतात. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, तिथं विचारावं. मराठी मीटिंग मिळेलच असं नाही. गोव्यात कोंकणी किंवा इंग्रजी, इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी असेल. चालेल, दुःखाची भाषा सगळ्यांना कळते. 'ओपन' मीटिंगला घरचेही जाऊ शकतात, 'क्लोज्ड' फक्त पिणाऱ्यांसाठी असते.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं होऊ शकतं, जिवावरही बेतू शकतं. म्हणून आधी डॉक्टर. दाखल व्हायची गरज पडली तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतं आहे.

आणि ताई, तुमच्यासाठीही जागा आहे. 'अल-ॲनॉन' ही घरच्यांची मीटिंग १९५१ पासून चालते. तो जावो न जावो, तुम्ही जा. त्याच्या बाटल्या लपवणं, ऑफिसात खोटे निरोप देणं, यानं तुम्ही किती थकता हे तिथं न सांगता कळतं.

सर्व कुटुंबगटांना विनंती: कुणी मीटिंगला जाऊ लागला तर त्याचं नाव, फोटो गटावर टाकू नये, अभिनंदनासाठीसुद्धा नाही. पाय घसरला तर टोमणा नको. मीटिंगची वेळ गुरुवारच्या आरतीशी जुळत असेल तर त्याला खुशाल मीटिंगला पाठवा. त्याची आरती तिथं होईल. प्रसाद घरी पोचवू.

हा निरोप ज्या घरी हवा आहे, तिथं गाजावाजा न करता पोचवावा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥