संयोगाचा विवेक

एका चांगल्या वस्तूत दुसरी चांगली वस्तू मिसळली की अधिक चांगले काही हाती येते, अशी आपली एक भाबडी समजूत असते. आयुर्वेदाने ती फार पूर्वीच मोडून काढली आहे. मध हितकर आणि तूपही हितकर. परंतु दोन्ही समप्रमाणात एकत्र घेतली तर अपायकारक ठरतात, असे चरकसंहिता सांगते. दूध आणि मासे यांच्या संयोगाविषयीही तिने असाच इशारा दिला आहे. या 'विरुद्ध आहारा'च्या विचारात संयोगाबरोबरच मात्रा, काळ, क्रम आणि माणसाची अवस्था यांचीही गणना केलेली आहे. त्या त्या पदार्थांविषयीचा निर्णय आजच्या आहारशास्त्राला मान्य होवो वा न होवो, त्यामागील तत्त्व मोलाचे आहे : दोन निर्दोष गोष्टींच्या मीलनातून दोष जन्माला येऊ शकतो.

हे तत्त्व आठवण्याचे कारण म्हणजे योग आणि चिनी चीगाँग यांची एकत्रित साधना. 'ची' म्हणजे श्वास, वायू, जीवनशक्ती. आणि 'गाँग' म्हणजे परिश्रमाने संपादन केलेले कौशल्य. चीगाँग हे नाव आजच्या अर्थाने विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाले. मात्र त्यातील व्यायामांचे मूळ प्राचीन आहे. चीनमधील मावांगदुई येथे १९७३ साली उत्खननात सापडलेल्या, इसवी सनापूर्वी १६८ साली बंद केलेल्या थडग्यात रेशमावर रंगवलेला एक पट मिळाला. त्यावर चाळीसहून अधिक माणसे अंग ताणताना, वाकवताना आणि श्वास सांभाळताना दिसतात. आज अनेक देशांत एकाच शिक्षकाकडून, एकाच तासात, आसने, प्राणायाम आणि चीगाँग ही तिन्ही शिकवली जातात. असे करणे योग्य आहे काय?

परंपरेचा अभिमानी चटकन 'नाही' म्हणेल. शुद्ध ते शुद्धच राहावे, असा त्याचा आग्रह असतो. परंतु इतिहास त्याला साथ देत नाही. सातव्या शतकातील थोर चिनी वैद्य सुन स्सम्याव यांनी आपल्या ग्रंथात भारतातून आलेल्या, ब्राह्मणांच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अठरा अंगचालनांचा समावेश केला आहे. आपल्याकडे पाहावे, तर हठप्रदीपिकेच्या आसनांत सूर्यनमस्कार नाहीत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा व्यायाम म्हणून हिरिरीने प्रसार केला आणि आज ते योगवर्गांचे अविभाज्य अंग झाले आहेत. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकारास आलेल्या 'यिन योगा'त तर आसने आणि चिनी वैद्यकाची कल्पना उघडपणेच एकत्र नांदतात. परंपरा वाहत्या असतात आणि वाटेत दुसरे ओहळ त्यांना येऊन मिळतात. तेव्हा मिश्रण हे स्वतःच पाप ठरत नाही.

उलट बाजूचा उत्साही माणूस म्हणतो, "दोन्ही मुळात एकच आहेत. प्राण म्हणजेच ची." या म्हणण्याला आधार म्हणून दक्षिण भारतातून चीनमध्ये गेलेल्या बोधिधर्माची कथा सांगितली जाते. 'यी चिन चिंग' हा स्नायूंच्या व्यायामाचा ग्रंथ त्याने दिला, असे मानतात. संशोधकांच्या मते हा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजाराहून अधिक वर्षांनी रचलेला आहे. कथा गोड असली तरी तिच्या भरवशावर श्वासाचा खेळ मांडता येत नाही. योगात इडा, पिंगला, सुषुम्ना या नाड्या आहेत आणि हठयोगाची दिशा शक्तीला मूलाधारातून ऊर्ध्वगामी करण्याची आहे. चीगाँगच्या बहुतेक पद्धती लक्ष नाभीखालच्या 'दानत्येन'वर आणून ठेवतात आणि साधनेचा शेवटही तिथेच करतात. ज्याला एकाने वर चढवायला सांगितले आणि दुसऱ्याने खाली उतरवायला, त्या साधकाने कोणाचे ऐकावे? शब्दांचे भाषांतर झाले म्हणजे साधनेचेही भाषांतर झाले, असे होत नाही.

या सूक्ष्म गोष्टी बाजूला ठेवल्या तरी शरीर आपला हिशेब सोडत नाही. भस्त्रिकेसारख्या वेगवान श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि डोके हलके झाल्यासारखे वाटते. स्थिर बैठकीत असलेल्या निरोगी साधकाला हे सहसा बाधत नाही. चीगाँगमधील 'जान ज्वांग' ही खांबासारखे निश्चल उभे राहण्याची साधना आहे. तीत रक्त पायांत साचू लागते. म्हणूनच गुडघे किंचित वाकवून, श्वास सहज ठेवून ती करावयाची असते. आता कोणी भस्त्रिका संपवून लगेच उठला आणि गुडघे ताठ करून स्तब्ध उभा राहिला, तर मेंदूचा रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी कमी होतो आणि त्याला भोवळ येऊ शकते. योगशिक्षक म्हणेल, माझी भस्त्रिका निर्दोष होती. चीगाँगचा शिक्षक म्हणेल, आमच्याकडे असा श्वास शिकवीतच नाहीत. दोघेही खरे बोलत असतील. पडलेला माणूस मात्र कोणाचाच नसतो.

इथे हा आरोग्याचा प्रश्न नैतिक प्रश्न होतो. प्रत्येक परंपरेने आपल्या कृतींबरोबर आपली कुंपणेही घडवली आहेत. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश करावे लागतात तसाच श्वास वश करावा, नाहीतर तो साधकालाच मारतो, असे हठप्रदीपिका बजावते. पतंजलींनी यमनियम आधी ठेवले आणि प्राणायाम आसनांनंतर. चीगाँगमध्येही चुकीच्या साधनेने मन भरकटण्याच्या धोक्याला स्वतंत्र नाव आहे. १९८० च्या दशकात चीनमध्ये चीगाँगची मोठी लाट उसळली. तेव्हा भ्रम, भास, अस्वस्थता अशी लक्षणे घेऊन काही साधक मानसोपचारतज्ज्ञांकडे जाऊ लागले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या निदानग्रंथातही या विकाराची नोंद झाली. मिश्रण करणारा बहुधा दोन्हीकडची फुले खुडतो आणि दोन्हीकडची कुंपणे मागे ठेवतो. क्रम, संयम, गुरूची नजर आणि 'हे तुझ्यासाठी नाही' असे सांगण्याचा अधिकार यांना तो ओझे समजतो.

म्हणून मला वाटते, मिसळण्याचा हक्क आहे; पण जो मिसळतो तो परंपरेने आजवर वाहिलेली जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेतो. ती 'मी फक्त दोन्हीतले उत्तम घेतले' असे म्हणून झटकता येत नाही. शिक्षकाला तर ती दुप्पट आहे, कारण तो दुसऱ्याच्या देहाशी प्रयोग करीत असतो आणि समोरच्याने विश्वासाने डोळे मिटलेले असतात.

ही जबाबदारी व्यवहारात अगदी साधे रूप घेते. दोन्हींपैकी एक साधना आधी पुरेशी मुरू द्यावी आणि मग दुसरीला हात घालावा. नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या, अशी गत होते. प्रारंभी दोन्ही वेगवेगळ्या वेळी कराव्यात. एकीच्या हालचालीत दुसरीचा श्वास घालू नये. विशेषतः कुंभक आणि बंध चीगाँगच्या सहज श्वासात मिसळू नयेत. जोरकस प्राणायामानंतर श्वास पूर्ववत होईपर्यंत बसून राहावे. दीर्घकाळ ताण दिलेल्या स्नायूंकडून लगेच वेगाची हालचाल करवून घेऊ नये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, अपस्मार किंवा मनोविकार असलेल्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी कुंभक, उलटी आसने व दीर्घ ध्यान यांविषयी आधी डॉक्टरांना विचारावे. चक्कर, छातीत धडधड, झोप उडणे अथवा विचित्र भास ही प्रगतीची चिन्हे मानू नयेत. ती थांबण्याची सूचना असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या संपूर्ण संयोगाला उत्तरदायी असा एक तरी जाणकार माणूस असावा.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाच्या क्रिया प्रयोगशाळेत तपासल्या. योगावर त्यांची नितांत श्रद्धा होती, तरीही त्यांनी तपासल्या. श्रद्धेला परीक्षेचे भय नसते, हे त्यांनी कृतीने दाखवले. दोन परंपरांना एकत्र आणू पाहणाऱ्याने निदान एवढी नम्रता तरी अंगी बाणवावी. देह ही आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. ती वाढवण्याच्या उत्साहात मूळ ठेवीलाच धक्का लागू नये, एवढे भान ठेवले तर दोन परंपरांच्या या भेटीला भिण्याचे कारण उरणार नाही.