माडगं

आण्णा गेले ते १९९९ सालच्या कार्तिकात. तेरावं झालं, पै-पाहुणे पांगले. घरात मी, बायको, पोरं, आई आणि थोरली आत्या एवढीच माणसं राहिली. थंडी पडायला लागली होती. रानात शाळू पोटऱ्यात आला होता. संध्याकाळी रानातून आलो, हातपाय धुतले, चुलीपाशी शेकत बसलो आणि सहज बोलून गेलो, "आई, आज हुलग्याचं माडगं कर की."

ज्यांना माडगं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हुलगे भाजायचे, जात्यावर दळायचे. पाण्यात गूळ विरघळवून उकळी आणायची आणि गार पाण्यात कालवलेलं ते पीठ हळूहळू त्यात सोडायचं. हात थांबवायचा नाही, थांबवला की गुठळ्या. चिमूटभर मीठ. घट्टसर, काळपट, वाफाळतं. हुलगा उष्ण. थंडीत, सर्दी-पडशात, नांगरटीनं अंग मोडून आल्यावर माडगं प्यायचं. आमच्या मोडनिंबच्या भागात हुलगा हे बैलाचंही खाणं आणि माणसाचंही. आण्णांना तर त्याचं वेड होतं. दिवाळी झाली की होळीपर्यंत आठवड्यातून तीनदा आमच्याकडं माडगं व्हायचंच. आण्णा दोन वाट्या प्यायचे आणि मिशा पुसत म्हणायचे, "झकास."

तर मी तसं म्हणालो. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "न्हाई बाबा. आता माडगं न्हाई करायची मी. मला ती कधीच आवडलं न्हाई."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. चव्वेचाळीस हिवाळे तिनं माडगं केलं होतं. आम्हा सगळ्यांना वाढून, शेवटी पातेल्याला लागलेलं खरवडून ती स्वतःही प्यायची. तोंड वाकडं केलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. ती ताडकन म्हणाली, "माझा भाऊ जाऊन पंधरा दीस झालं न्हाईत, आन् त्येच्या माडग्याला नाव ठेवतीस व्हय?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली. म्हणाली, "नाव कुठं ठिवलं वन्सं? माडगं चांगलंच असतंय. मला आवडत न्हाई म्हणलं."

त्या रात्री मी आईवर रागावलो होतो, हे कबूल करतो. आत्याचं जाऊ द्या, तिला भावाचं दुःख होतं. पण मला राग कशाचा आला? मला वाटलं, आईनं इतकी वर्षं आम्हाला फसवलं. जे आम्ही मायेनं वाढलेलं समजत होतो ते ती नाइलाजानं करत होती की काय? दोन दिवसांनी न राहवून विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंस?"

ती हसली. "सांगून काय केलं असतं? दोन चुली मांडल्या असत्या? जळण एकाच पातेल्यापुरतं असायचं. तुझ्या आण्णांना पायजे हुतं, केलं."

त्यात तक्रार नव्हती, रडगाणं नव्हतं. हिशेब होता. पण त्या हिशेबानं मला आजपर्यंत सोडलेलं नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, मोठे ग्रंथ वाचलेले नाहीत. पण शेतात एकटं काम करताना डोकं रिकामं असतं आणि त्यात हा प्रश्न पंचवीस वर्षं घोळतो आहे. माणसाला अन्न नावडायचा अधिकार आहे का? आणि असला, तर तो घरात कुणाकुणाला असतो?

आमच्या पिढीला लहानपणापासून एकच शिकवण. ताटातलं टाकायचं नाही, अन्नाला नावं ठेवायची नाहीत. ही शिकवण चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. ती कुठून आली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. १९७२ च्या दुष्काळात मी पाचवीत होतो. पाऊस गेला, विहिरी आटल्या. आई आणि आण्णा दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. रेशनला मिलो आला. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिकडं ती जनावरांना घालतात असं मोठी माणसं बोलायची. आमच्या शाळूची भाकरी कशी, पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली. मिलोची भाकरी लालकाळी, थापताना कडेनं चिरायची, गार झाली की कातड्यासारखी लागायची. लोक म्हणतात, भुकेला कोंडा. मला तेव्हा कडाडून भूक लागायची, तरी ती भाकरी घशाखाली उतरायची नाही. पोट रिकामं झालं म्हणून जीभ मरत नाही, हे मला तेव्हा कळलं. उपाशी माणसाला आवडनिवड नसते असं भरल्या पोटाच्या माणसांना वाटतं.

एका रात्री मी ती भाकरी अंगणात भिरकावली. आण्णांनी कानाखाली ओढली. "लोकं पाला खाऊन ऱ्हायल्यात आन् तू अन्न फेकतोस!" आई उठली. अंधारात चाचपडत भाकरी उचलून आणली, पदरानं माती झटकली आणि तीच स्वतःच्या ताटात घेतली. मला म्हणाली, "नगं वाटती तर खाऊ नगं. पर फेकू नगं." मग उतरंडीच्या खालच्या गाडग्यातलं मूठभर शाळूचं पीठ काढून तिनं माझ्यासाठी तळहाताएवढी भाकरी केली. ते पीठ तिनं सणासुदीसाठी राखलेलं होतं. कामावर सुकडी मिळायची, तीही ती पदरात बांधून आणायची आणि आम्हा भावंडांत वाटायची.

आता बघा, आमच्या घरात आण्णांच्या आवडीला मान होता, माझ्या नावडीलासुद्धा मान होता. मार खाऊन का होईना, मला शाळूची भाकरी मिळाली. पण माझी नावड कुठंतरी कुणाच्या तरी ताटात जाऊन पडायचीच. ती आईच्या ताटात पडायची.

पुढं उजनीचं पाणी आलं, कालवे आले, तेव्हा मला याचा अर्थ जास्त नीट लागला. कालव्याच्या पाण्याची पाळी असते. मुखाजवळच्या शेतकऱ्यानं दारं जास्त वेळ उघडी ठेवली की शेपटाकडच्या शेतात पाणी पोचत नाही. तो दरवेळी कोरडा राहतो. पाणी कमी आहे हा कुणाचाच दोष नाही. पण कमी पाण्यातही पाळी फिरवता येते. दरवेळी एकाच शेतानं वाळायचं, हा मात्र दोष आहे. शेपटाकडच्या शेतकऱ्यासाठी मी स्वतः अर्ज लिहिले, बैठकांत भांडलो. घरात आई कायम शेपटाला होती, हे मला दिसलं नाही. आई म्हणाली ते खरंच होतं, जळण एकाच पातेल्यापुरतं होतं. पण त्या एका पातेल्यात काय शिजायचं याची पाळी चव्वेचाळीस वर्षांत एकदाही तिच्याकडं आली नाही.

गांधीजींच्या आश्रमात अस्वाद नावाचं व्रत होतं. चवीसाठी खायचं नाही, देहाला लागतं म्हणून खायचं. मोठी गोष्ट आहे, मी तिला हसणार नाही. पण व्रत घेणाऱ्याला व्रत सोडताही येतं. माझ्या आईनं ते व्रत घेतलेलं नव्हतं, ते तिच्या वाट्याला आलं होतं. दोन्हीला एकच नाव देऊन आपण बायकांना थोर म्हणतो आणि मोकळे होतो. मीही तिला तेराव्यापर्यंत थोरच म्हणत होतो. तिनं एक वाक्य साधं खरं सांगितलं, तर मला राग आला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नावड म्हणजे दरवेळी जिभेचीच असते असं नाही. नावडतीचं मीठ अळणी, ही म्हण उगाच पडलेली नाही. माणूस आवडत नसलं की त्याच्या हातचं गोड लागत नाही. आणि जिभेला गरिबी-श्रीमंतीही कळते. आमच्या लहानपणी चपाती सणाला. चपाती खाणारं घर मोठं, भाकरी खाणारं घर साधं. २०१३ च्या कायद्यानंतर रेशनला २ रुपये किलोनं गहू मिळू लागला, पुढं तोही फुकट झाला. गव्हाचं कौतुक सरलं. इकडं मोहोळच्या केंद्रानं आपल्याच भागातल्या वाणातून निवडलेली मालदांडी आता शहरात भाव खाते. २०२३ साल तर जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं. जी मंडळी आमच्या भाकरीला नाक मुरडायची, ती आता हायवेवरच्या धाब्यावर गाडी थांबवून "कडक भाकरी आहे का?" विचारतात. धान्य तेच आहे. म्हणून आपल्याला एखादं खाणं आवडत नाही तेव्हा ते जिभेला आवडत नाही की मानाला, हे ज्यानं त्यानं तपासून बघावं. आईला माडगं जिभेला आवडत नव्हतं. तिनं ते कधी फेकलं नाही, करताना गुठळी होऊ दिली नाही, करणाऱ्याला आणि खाणाऱ्याला उणं बोलली नाही. मी मिलोची भाकरी फेकली. नावड दोघांचीही खरी होती. फरक होता तो वागण्यात.

आई वारल्यावर काही वर्षांनी, एकदा मनाचा हिय्या करून मी बायकोला विचारलं, "तुला काय आवडत नाही गं?" ती आधी हसलीच. "म्हातारपणी काय नाटक काढलंय?" म्हणाली. खनपटीला बसलो तेव्हा म्हणाली, "वांगं. घशाला खाज येती माझ्या."

मला भरलं वांगं अतिशय आवडतं, हे आमच्या भावकीत लहान पोरालासुद्धा माहीत आहे. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. वांग्याच्या दिवशी ती भाकरीबरोबर शेंगाची चटणी घेऊन उठते, हे मी हजार वेळा पाहिलं असेल. पण बघणं वेगळं, ध्यानात येणं वेगळं. आणि आईचा प्रसंग मनात जपून ठेवलेला मी माणूस! म्हणजे आईबद्दल हळहळत बसणं सोपं होतं, कारण त्यात माझं वांगं जात नव्हतं.

त्या दिवसापासून घरात वांगं बंद झालं असं खोटं लिहिणार नाही. वांगं अजून होतं, पण आठवड्यातून एकदाच. त्या दिवशी तिच्यासाठी पिठलं मी टाकतो. पहिले दोन महिने गुठळ्या व्हायच्या, ती मुकाट्यानं खायची. तिसऱ्या महिन्यात मीच म्हणालो, "नाव ठेव की." ती म्हणाली, "नाव न्हाई ठेवत. पर पीठ जरा गार पाण्यात कालवून मग सोडत जावा." आईनं माडग्याला जे केलं असतं तेच.

आता आमचा धाकटा नातू जेवायला बसला की भाकरी बघून म्हणतो, "यक!" सून त्याला दटावते, "अन्नाला नाव ठेवू नये." मी त्याला एवढंच सांगतो, "आवडत नाही म्हण, चालेल. यक म्हणू नकोस. तुझ्या आईनं केलंय." आणि दुसरं सांगतो, "तुझ्या आईला काय आवडत नाही ते तिला विचारून ये." पहिल्यांदा तो धावत विचारायला गेला, तेव्हा सून स्वयंपाकघरात बराच वेळ गप्प होती. तिनं काय उत्तर दिलं ते त्यानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

शेवटी आईच्या दहाव्याचं सांगतो. ती २०१४ साली गेली. चंद्रभागेवर पिंड मांडले, आणि गेलेल्या माणसाच्या आवडीचं कावळ्यासाठी ठेवायची वेळ आली. आण्णांच्या वेळी अडचण पडली नव्हती. माडगं ठेवलं, तंबाखूची चिमूट ठेवली. आईचं काय ठेवायचं? आम्ही भावंडं एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. कुणी म्हणालं चहा ठेवा, कुणी म्हणालं शेंगाची चटणी ठेवा. थोरली बहीण म्हणाली, "माडगं ठेवायला पायजे हुतं. किती झकास करायची."

मी म्हणालो, "माडगं नको. तिला आवडत नव्हतं."

शेवटी शाळूची भाकरी आणि चटणी ठेवली. थोड्या वेळानं कावळा आला, भाकरीचा तुकडा घेऊन गेला. तिला ती आवडायची का, हे मला आजही सांगता येत नाही.