झाकली मूठ, झाकली वायर

माणसाची प्रगती तो काय मिळवतो यावरून मोजतात, असं आम्हाला बी. कॉम.ला शिकवलं होतं. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं काढल्यावर माझं मत जरा बदललं आहे. माणसाची प्रगती तो काय काय झाकू शकतो यावरून मोजावी. टक्कल झाकता येऊ लागलं की तो सुधारला असं समजावं. तोटा झाकता येऊ लागला की तो मोठा झाला असं समजावं.

आमच्या लहानपणी टीव्ही झाकत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं, पण ते आमच्या चाळीतल्या मजल्यापर्यंत चढायला आणखी बारा वर्षं लागली. शेजारच्या बिऱ्हाडात जो टीव्ही आला त्याला चार पाय होते, सरकती लाकडी दारं होती, दारांना कुलूप होतं आणि डोक्यावर क्रोशाचा रुमाल होता. नव्या नवरीलाही कुणी इतकं जपत नसेल. वायर मात्र उघडी. ती टीव्हीच्या पाठीमागून निघायची, देव्हाऱ्याला वळसा घालायची आणि चौकटीवरून चालत बोर्डापर्यंत जायची. अँटेनाची चपटी वायर खिडकीतून थेट गच्चीवर. घरातल्या शेंबड्या पोरालाही विचारलं असतं, "काय रे, वीज कुठून येते?" तर त्याने बोट दाखवलं असतं.

आता सगळं उलट झालं आहे. टीव्ही दिवसरात्र भिंतीवर उघडा, आणि लाज वाटते ती वायरीची.

गेल्या दिवाळीत आम्ही त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला. डोंबिवलीतल्या आमच्या ब्लॉकचा हॉल बघता टीव्ही हॉलमध्ये आला, की हॉल टीव्हीत गेला, हे सांगणं कठीण. दुकानदाराचा माणूस तो भिंतीवर टांगून गेला. खाली तीन वायरी लोंबत होत्या. एक विजेची, एक सेट टॉप बॉक्सची आणि एक कशाची ते तो माणूसच जाणे. आमच्या हिने कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाली,

"अहो, हा टीव्ही आहे की सलाईन लावलेला पेशंट?"

समोरच्या ब्लॉकमध्ये टीव्हीची एकही वायर दिसत नाही, हे तिने मला त्या आठवड्यात अकरा वेळा सांगितलं. तिथला टीव्ही म्हणे अधांतरी तरंगतो. मी म्हटलं, "अगं, वीज तर लागतच असेल ना त्याला?" तर म्हणाली, "लागत असेल, पण दिसत नाही." या एका वाक्यात अर्धं अर्थशास्त्र आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

मग मी माझ्या कॉमर्सच्या डोक्याने योजना आखली. टीव्ही वर, बोर्ड खाली डाव्या कोपऱ्यात. दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे तिरकी सरळ रेघ. त्या रेघेत प्लास्टर खरवडायचं, टीव्हीचीच वायर आत दाबायची, ती पुरली नाही तर घरातली एक्स्टेन्शनची वायर जोडायची, वरून लांबी भरायची, रंग मारायचा. खर्च नगण्य. फक्त कुणीतरी हे करायला हवं होतं, म्हणून वायरमनला बोलावलं.

वायरमन साठीचा होता. परवाना असलेला, आणि परवाना असलेल्या माणसाकडे असतो तो सगळा सावकाशपणा असलेला. त्याने माझी योजना शांतपणे ऐकून घेतली. आमच्या बँकेत एखादा कर्जदार तारण म्हणून बायकोच्या मामाची जमीन सांगतो तेव्हा आमचे साहेब असंच ऐकून घेतात.

"साहेब," तो म्हणाला, "ही वायर उघड्यावर राहायला केलेली आहे. ही भिंतीत गाडायची नसते. आत खराब झाली तर काढणार कशी? आणि जोड भिंतीत ठेवायचा म्हणजे भांडण गादीखाली ठेवून झोपण्यासारखं आहे."

"अहो, पण टीव्ही घेऊन घेऊन किती वीज घेणार?" मी विचारलं. पेटीवर वाचलं होतं. शंभर वॅटच्या आसपास. पूर्वीच्या शंभराच्या दिव्याएवढी. अर्धा अँपिअरसुद्धा नाही. एवढ्याशा विजेला एवढं काय घाबरायचं?

"टीव्ही कमी घेतो हो. पण वायरीत २३० व्होल्ट असतात ते असतातच. उद्या तिथे खिळा मारला तर खिळ्याला काय माहीत, पलीकडे टीव्ही आहे की गीझर?"

यावर कॉमर्समध्ये उत्तर नव्हतं.

मग त्याने त्याची योजना सांगितली. खालच्या बोर्डापासून आधी सरळ आडवं, मग टीव्हीखालून सरळ वर. नाही तर त्याहून बरं म्हणजे बोर्डच टीव्हीच्या रेषेत आणायचा आणि तिथून नुसतं उभं जायचं, कारण आमची ती भिंत चार इंची, आणि चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी मारली की भिंत दुबळी होते. कोपऱ्यातल्या कॉलमला तर हातच लावायचा नाही. झिरीत पाइप, पाइपात घराच्या वायरिंगची पक्की वायर, सोबत अर्थिंगची हिरवी. टीव्हीच्या मागे नवा सॉकेट, पण अगदी मधोमध नाही, बाजूला. नाही तर पिन आडवी येते आणि टीव्ही भिंतीला टेकत नाही. त्याचं बटण मात्र खाली, हाताशी. टीव्हीची स्वतःची वायर टीव्हीच्या मागेच गुंडाळून राहणार. आणि सेट टॉप बॉक्सची वायर वेगळ्या पाइपातून.

"दोन्ही एकाच पाइपात टाकल्या तर पैसे वाचतील," मी म्हटलं.

"ती सिग्नलची वायर आहे साहेब. तिला हात लागला तर शॉक बसत नाही. पण विजेच्या वायरीच्या संगतीत ठेवली तर तिचा भरवसा नाही."

संगतीचं हे तत्त्व मला पटलं. आमच्या ब्रँचमध्येही तेच आहे.

"आणि भिंत फोडायचीच नसेल," तो म्हणाला, "तर वरून पांढरी प्लास्टिकची पट्टी मारू, भिंतीच्या रंगात रंगवू. दिसेल थोडी. पण स्वस्त."

'दिसेल' हा शब्द ऐकून स्वयंपाकघरात भांडं आपटलं. भिंत फोडायचं ठरलं.

जाता जाता त्याने मेन बोर्ड उघडून पाहिला आणि एक खटका बसवून घ्या म्हणाला. फेजने जेवढा करंट घरात जातो तेवढा न्यूट्रलने परत यायला हवा. मध्ये कुठे माणसाच्या अंगातून वगैरे गळला आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो खटका क्षणात पडतो. हे ऐकून मला गहिवरून आलं. म्हणजे हा आमचा कॅशिअर! सकाळी दिलेले आणि संध्याकाळी आलेले जुळल्याशिवाय घरी जात नाही, आणि दहा रुपयांच्या फरकासाठी सगळ्या ब्रँचला अंधारात बसवतो. मी तो खटका तत्काळ मंजूर केला. आयुष्यात मी मंजूर केलेलं हे एकमेव प्रकरण.

काम दोन दिवस चाललं. घरात लाल धूळ झाली, ती अजून साखरेत सापडते. झिरीत पाइप बसले, वायरी ओढून झाल्या, आणि आता सिमेंट भरणार तेवढ्यात वायरमन थांबला. त्याने भिंतीला मोजपट्टी लावून धरली आणि मला म्हणाला, "फोटो काढा. आणि वहिनींना बोलवा."

"तिला कशाला?"

"घरात खिळे कोण मारतं?"

प्रश्न मर्मावर होता. आमच्या घरात खिळे हीच मारते. मी स्टूल धरतो.

ही आली. त्याने तिला बोटाने दाखवलं, बोर्ड इथे, इथून सरळ वर, इथे सॉकेट. या उभ्या पट्ट्यात आणि सॉकेटच्या आडव्या रेषेत कधी खिळा नाही, ड्रिल नाही. म्हणाला, "साहेबांच्या मनात तिरकी न्यायची होती. तिरकी वायर कुणाच्या ध्यानात येत नाही. सरळ रेषेतली आंधळ्यालाही कळते. वहिनी, वायर लपवायची असते. तिचा रस्ता लपवायचा नसतो."

आणि त्याने भिंत बुजवली.

भिंत वाळत होती, पण ते वाक्य काही माझ्या डोक्यात वाळेना. लपवणं वाईट की चांगलं, हा प्रश्न मी तोवर फार गंभीरपणे घेतला नव्हता. आपली संस्कृती दोन्ही बाजूंनी बोलते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणायचं, आणि कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असंही म्हणायचं. पण हिशेबाच्या शास्त्रात हा भेद फार जुना आहे. ३१ मार्चला ताळेबंद नटवून दाखवतात त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. ते पाप. पण १९४९ च्या बँकिंग रेग्युलेशन कायद्याने ताळेबंदाचा जो नमुना दिला आहे, त्यात १२ नंबरचं एक शेड्यूल असतं. त्यात बँकेने दुसऱ्यासाठी दिलेल्या हमी वगैरे लिहितात. हे पैसे आज द्यायचे नसतात, कदाचित कधीच द्यावे लागणार नाहीत, म्हणून ते बेरजेत धरत नाहीत. पण कागदावर असतात. भिंतीआड वीज आहे, आणि ती कुठे आहे हे वाचणाऱ्याला सांगितलं आहे. ताळेबंद कसा स्वच्छ दिसतो, आणि तरी खोटा नसतो.

इथवर विचार आला आणि मला घाम फुटला.

कारण माझ्या भिंतीत एक वायर होती. तीन वर्षांपूर्वी माझ्या एका शाळासोबत्याने पतपेढीतून चार लाखांचं कर्ज काढलं होतं. दोन जामीनदार लागत होते. दुसरा मी. हिला सांगितलं नव्हतं. खोटं बोललो नव्हतो हं. तिने विचारलंच नव्हतं. उगाच काळजी कशाला, मित्र सज्जन आहे, हप्ते भरतोय, असं म्हणत मी ती सही प्लास्टरखाली दाबली होती. तिरकी. कुणाच्या ध्यानीमनी येणार नाही अशी. आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ मी स्वतः परीक्षेत लिहिलं आहे: वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच. मी घेतलं शून्य, पण वायरीत व्होल्ट पूर्ण चार लाखांचे. उद्या मला काही झालं, तर सरळ मनाने खिळा मारायला जाणार ही. काळजी नको म्हणून लपवलं, असं मी म्हणत होतो. पण काळजी फक्त माझी वाचत होती, तिची पुढे ढकलली जात होती. व्याजासकट.

त्या रात्री टीव्ही भिंतीवर चढला. वायर दिसत नव्हती. ही इतकी खूश होती की टीव्ही बंद ठेवूनच बघत बसली होती. मी म्हटलं, "अगं, एक सांगायचंय."

सांगितलं. ती काही बोलली नाही. आमची ही बोलत नाही तेव्हा मला मेन स्विच शोधावासा वाटतो. मग तिने एकेक प्रश्न विचारला. किती? कधीपर्यंत? कागद कुठे आहे? हप्ते भरतोय हे त्याने सांगितलं, की तुम्ही पाहिलं?

मी पाहिलं नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांची पासबुकं भरणारा माणूस मी.

दुसऱ्या दिवशी पतपेढीत चौकशी केली. दोन हप्ते थकले होते. फार नव्हतं, पण खटका पडायची वेळ होती. मित्राला घरी बोलावलं. तो आला, ओशाळला, दुकान मंदीत आहे म्हणाला. हिने त्याला पोहे दिले आणि पोह्यांबरोबर तारखा लिहून मागितल्या. एक हप्ता त्याने महिन्याभरात भरला, दुसरा निम्मा राहिला आहे. तो निम्मा आता आमच्या दोघांच्या डोक्यावर आहे. विचित्र गोष्ट अशी, की एकट्याच्या डोक्यावर चार लाख असताना जेवढी झोप लागत नव्हती, तेवढी आता लागते.

परवा समोरच्या ब्लॉकमधल्या बाई आल्या होत्या. म्हणाल्या, "अय्या, वायर कुठंय?" हिने अभिमानाने सांगितलं, बोर्डापासून सरळ वर, दोन पाइप वेगवेगळे, फोटो आहे. मग सहज विचारलं, "तुमची कुठून नेलीय हो?"

बाई भिंतीकडे बघत राहिल्या. त्यांना माहीत नव्हतं. त्यांचे हे मागून म्हणाले, "चला, निघू या."

पाहुणे गेल्यावर ही माझ्याकडे वळली. "अहो, खरं सांगा. आणखी काही आहे का भिंतीत?"

"आहेत एक-दोन," मी म्हटलं. "पण त्या सिग्नलच्या आहेत. शॉक बसत नाही."

तिने कपाटातली वही काढली, पेन उघडलं आणि म्हणाली, "बोला. रस्ता सांगा."